नाना, इथे थ्री फेज नाही

मार्चमधल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या माझ्या दारात जवळजवळ एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं मशीन, उतरलं. ट्रकवाल्याने मागची फळी खाली घेतली, मशीन फरशीवर टेकवलं, सही घेतली आणि गेला. गॅरेजचं दार तिथून वीस फूट. गावी, जळगावकडच्या चोपड्याला असतो तर समोरच्या टपरीवरची चार पोरं हाक मारायच्या आधीच आली असती. इथे मी, एक पहार, तीन पाइपाचे तुकडे आणि शेजारचे निवृत्त गृहस्थ, ज्यांनी लांब उभं राहून दोनदा चहा विचारला. मशीनखाली पाइप घालायचा, पहारेने इंचभर ढकलायचं, मागे मोकळा झालेला पाइप उचलून पुढे ठेवायचा. वीस फुटांना साडेतीन तास लागले.

मशीन म्हणजे ब्रिजपोर्टचं जुनं टरेट मिलिंग, फिरत्या कटरने धातू कापून आकार देणारं. आपल्याकडच्या टूलरूममध्ये ज्याला सगळे एम१टीआर म्हणतात, त्याचं हे मूळ घराणं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं गाव आहे, तिथे बॅनो आणि वॉलस्ट्रॉम या दोघांनी १९३८ मध्ये पहिलं काढलं. वरचं डोकं पाहिजे तसं वाकतं, अख्खा हात पुढेमागे सरकतो आणि गोल फिरतोही. हीच रचना पुढे जगभर उचलली गेली. इंग्लंडमध्ये ही मशीनं अॅडकॉक अँड शिपली नावाचा कारखाना बनवायचा, आणि तो होता इथेच, लेस्टरला. म्हणजे माझं मशीन गावातल्या गावातच हात बदलत माझ्यापर्यंत आलं. एका बंद होणाऱ्या वर्कशॉपमधून नऊशे पौंडांना घेतलं. बायकोला अजून 'सातशेच्या आसपास' एवढंच माहीत आहे, आणि ती हा ब्लॉग वाचत नाही.

कंपनीत माझं काम दिवसभर कॉम्प्युटरसमोर. हात काळे करायला काहीतरी हवं होतं, एवढंच कारण.

मोटारीच्या पाटीवर कपडा फिरवला आणि खरा प्रश्न वर आला. दीड हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट, ३ फेज, ५० सायकल, २.६ अँपिअर. इथे घरोघरी येते ती २३० व्होल्ट सिंगल फेज. घरात थ्री फेज घ्यायचं तर रस्ता खणून वेगळी केबल टाकावी लागते, आणि त्याचं जे कोटेशन आलं त्यात अशी तीन मशीनं आली असती.

नानांना फोन लावला. इथे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचे अडीच, जेवण करून दुकानात परत बसायची वेळ.

"नाना, इथे थ्री फेज नाही."

नाना इतके हसले की मागून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. "विलायतमा बी?"

नाना म्हणजे माझे मोठे काका. चोपड्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. केळीच्या पट्ट्यात वाइंडिंगवाल्याला उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते. एप्रिल-मे महिन्यात पाणी खोल गेलेलं, केळीला मात्र रोज पाणी पाहिजे, आणि थ्री फेज ठरलेल्या तासांपुरताच, बऱ्याचदा रात्रीचा. त्यात एखादा फेज गेला की मोटार जळालीच. सुट्ट्यांमध्ये मी त्या दुकानात वेढे मोजायला बसायचो. वार्निशचा वास डोक्यात बसायचा तो जूनपर्यंत जायचा नाही. जळालेली मोटार उघडली की नाना तारांना हातही न लावता सांगायचे. तीनपैकी दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या आणि एक लख्ख तांबडी, तर मोटार स्टारमध्ये होती (तिन्ही गुंडाळ्यांची शेवटची टोकं एका गाठीत) आणि लाइनचा एक फेज गेला. एकच काळी आणि दोन चांगल्या, तर डेल्टा (एकीचं शेवट दुसरीच्या सुरुवातीला, अशा गोल जोडलेल्या). मला तेव्हा ही जादू वाटायची. पुढे डिप्लोमाला कळलं की स्टारमध्ये एक फेज गेला की उरलेल्या दोन गुंडाळ्या एकामागे एक लागून सगळा भार ओढतात आणि तिसरीतून काहीच जात नाही. डेल्टात उलट, भाराचा मोठा वाटा एकीवरच येतो. नानांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

तर नानांचा पहिला सल्ला अपेक्षेप्रमाणे आला: कंडेन्सर लाव. आपल्याकडे दोनच फेज असताना पंप चालवायचा हा जुना रिवाज. मोठा कंडेन्सर तिसऱ्या तारेला लावायचा, तो करंटला जरा मागेपुढे करतो आणि मोटारीला तिसरा फेज असल्यासारखं वाटतं. मोटार फिरते, पण तिन्ही गुंडाळ्यांत करंट सारखा नसतो, त्यामुळे ती कण्हते आणि थरथरते. विहिरीत शंभर फूट खाली ती थरथर कोणाला दिसणार! मिलिंगवर मात्र ती जॉबच्या पृष्ठभागावर सरळ छापून येते. दुसरा उपाय म्हणजे एक मोठी रिकामी मोटार शेजारी फिरवत ठेवून तिच्याकडून तिसरा फेज घ्यायचा. इथले बरेच हौशी लोक तेच करतात. माझ्या गॅरेजात तेवढी जागा नाही.

राहिला व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटार चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. नानांना नाव नवीन होतं, वस्तू नव्हती. "सोलर पंपाच्या डब्यात असतं तेच ना?" तेच. आत आलेली सिंगल फेज आधी डीसी करायची, मग त्या डीसीचे बारीक तुकडे पाडून तीन फेज बनवायचे. अडचण एकच, साध्या ड्राइव्हमधून बाहेर येणारं व्होल्टेज आत गेलेल्यापेक्षा जास्त निघत नाही. आत २३०, तर बाहेरही २३०, फक्त तीन फेजमध्ये. मोटारीला पाहिजेत ४१५.

इथे नाना फोनवर एकदम ताठ झाले असावेत, कारण आवाज बदलला. मोटार स्टारमध्ये आहे ना? मग एका गुंडाळीला पूर्ण ४१५ मिळतच नाहीत. ४१५ ला १.७३ ने भागा, २४० येतात. म्हणजे त्याच गुंडाळ्या डेल्टात बांधल्या तर २३०-२४० व्होल्टवर त्यांना जेवढं पाहिजे तेवढं मिळतं. करंट वाढेल, २.६ चे साडेचार होतील, बस.

नव्या मोटारीत हे पाच मिनिटांचं काम, टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतात, पट्ट्या फिरवायच्या. माझ्या बॉक्समध्ये तीनच तारा होत्या. स्टारची गाठ कारखान्यात आतच मारून, दोरीने बांधून, वरून वार्निश ओतलेलं. "माले दखाड," नाना म्हणाले. मी मोटारीचं कव्हर काढलं आणि मोबाइल मोटारीच्या तोंडाशी धरला.

पुढचा दीड तास मी जन्मभर विसरणार नाही. गुंडाळ्यांच्या बाहेर आलेल्या वळ्यांमध्ये एक जाडसर गाठोडं शोधायचं, तीन तारा एकाच नळीत शिरलेल्या. नाना तिकडून "डावीकडे, अजून डावीकडे, ती नाही, तिच्या खालची" करत होते. मधेच दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी सबमर्सिबलचा भाव झाला, परत माझ्याकडे. गाठोडं सापडलं. हीट गनने हळूहळू वार्निश मऊ केलं, कारण घाईने तार वाकवली तर इनॅमल फुटतं आणि मग अख्खी मोटार भरायला लागते. बांधलेली दोरी ब्लेडने कापली. तीन तारा सुट्या केल्या, प्रत्येकीला नवीन वायर जोडून डाग दिला, काचेच्या धाग्याची नळी चढवली, परत दोरीने आवळलं, वार्निश लावलं. मीटरने कोणतं टोक कोणत्या तारेचं ते शोधून खुणा केल्या. गाठीत होती ती तिन्ही शेवटचीच टोकं, त्यामुळे उलटसुलट होण्याची भीती नव्हती. पहिलीचं शेवट दुसरीच्या सुरुवातीला, दुसरीचं तिसरीला, तिसरीचं पहिलीला. डेल्टा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितला, ठीक होता. मेगर लावताना ड्राइव्ह जोडलेला नको, नाहीतर ड्राइव्हच जायचा.

बाकीची साफसफाई सांगण्यासारखी नाही. चार शनिवार-रविवार रॉकेलमध्ये गेले, आणि रॉकेल इथे पॅराफिन नावाने मिळतं हे कळायला एक रविवार. आधीच्या कोणा महाभागाने तेलाच्या भोकांत ग्रीस मारलं होतं. ते आत मेणासारखं घट्ट झालेलं, टेबलाच्या सरकपट्ट्यांना तेल पोचतच नव्हतं. टेबल सरकवणारा लीडस्क्रू मधल्या भागात झिजलाय, हँडल उलटं फिरवलं की बराच वेळ रिकामंच फिरतं. ते तसंच ठेवलंय, हात सवय करून घेतो.

ड्राइव्ह पहिल्यांदा चालू केला तेव्हा मशीन फिरलं नाही, घरातली लाइट गेली. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला जातो आणि इथले संवेदनशील ब्रेकर तेवढ्यावर पडतात. बायको ऑनलाइन मीटिंगमध्ये होती. त्यावर जास्त लिहीत नाही. इलेक्ट्रिशियनकडून गॅरेजला वेगळी लाइन घेतली. मशीनचा जुना स्टार्टर मधून काढून टाकला, कारण ड्राइव्ह आणि मोटारीच्या मध्ये चालू-बंद करणारं काही ठेवायचं नसतं. बटणं थेट ड्राइव्हच्या बारीक तारांना जोडली.

मग परत शनिवार, परत नऊ वाजता, मोबाइल वाइसला टेकवून ठेवला. १० हर्ट्झवर स्पिंडल आळसावल्यासारखं फिरलं. ३०. ५०. तिकडे दुकानात दोन-तीन माणसं जमली होती, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मलाच जरा भरून आलं.

नाना गप्प. मग म्हणाले, "हाई शिट्टी काय शे रे?"

ती ड्राइव्हची. डीसीचे तुकडे सेकंदाला चार हजार वेळा पडत होते, तेवढं कानाला ऐकू येतं. सेटिंग बदलून बारा हजारांवर नेलं, शिट्टी गेली. ड्राइव्ह थोडा जास्त तापेल, पण चालतं. मी विजयी चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आते बंद कर. ब्रेक नको मारू, तिले तिन्या मननं थांबू दे."

मी बंद केलं. ड्राइव्हचा आवाज नाही, पट्ट्याचा नाही, मोटार नुसती आपल्या वेगात उतरत होती. त्या उताराच्या शेवटी शेवटी, अगदी थांबताना, बारीक खरखर. वाळूवरून चप्पल ओढावी तशी.

"बेरिंग गयं," नाना म्हणाले.

त्यांच्या दुकानाचा नियम मला लहानपणापासून माहीत होता. उघडलेली मोटार बेअरिंग न बदलता बंद करायची नाही. मी उघडल्यावर हाताने फिरवून बघितलं होतं, बरं वाटलं होतं, तसंच बसवलं होतं. नानांनी कॉलवर एकदा विचारलंही होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

"६२०५ असेल," ते म्हणाले. "दोन नग. इथे दहा मिनिटांत मिळतं, तुझ्याकडे बघ."

दुपारी मोटार परत खाली उतरवली. वरचं ६२०५. खालचंही ६२०५.