अमृताच्या पाठीमागची सावली

अमृता शेरगिलने 1934 मध्ये पॅरिसमध्ये रंगवलेल्या ‘सेल्फ-पोर्ट्रेट ॲज अ ताहितियन’ या तैलचित्राचा विषय निघाला, की बोलणे फ्रेंच चित्रकार पॉल गोगँपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. गोगँचा प्रभाव उघडच आहे. त्याने रंगवलेल्या पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावरच्या स्त्रियांच्या जागी अमृताने स्वतःला उभे केले आहे: कमरेपर्यंतचे शरीर अनावृत, केस मागे बांधलेले, हात पुढे एकमेकांवर ठेवलेले. मला मात्र या चित्राचा गाभा तिच्या पाठीमागे पडलेल्या पुरुषाकृती सावलीत दिसतो.

सावली तिच्या मागे पडते, त्याअर्थी तो पुरुष तिच्या समोर, म्हणजे कॅनव्हासच्या अलीकडे, आपण उभे आहोत तिथे असला पाहिजे. स्टुडिओत मॉडेलसमोरची ही जागा चित्रकाराची असते आणि चित्र पुरे झाले की तीच प्रेक्षकाची होते. परंतु इथे चित्रकार तर अमृता स्वतःच आहे. म्हणून ती सावली मी कुणा प्रियकराची मानत नाही, गोगँचीही मानत नाही. स्त्रीकडे पाहण्याची जी जागा युरोपीय चित्रकलेने दीर्घकाळ पुरुषासाठी राखून ठेवली होती, तिचीच ती सावली आहे, असे माझे मत आहे. मागच्या बाजूला जपानी चित्रांची आठवण करून देणाऱ्या आकृती आहेत. ताहितीशी त्यांचा काहीही संबंध नाही. पॅरिसच्या आधुनिक चित्रकारांना मात्र जपानी मुद्राचित्रांचे मोठे आकर्षण होते. अमृता उभी आहे ती बेटावर नव्हे, स्टुडिओत, आणि ते तिने लपवलेले नाही.

मॉडेलचे जिणे तिला जवळून ठाऊक होते. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत ल्युसियाँ सिमोन यांच्या हाताखाली तिने शिक्षण घेतले आणि 1933 मध्ये एका व्यावसायिक मॉडेलचे थकलेले, ओघळलेले शरीर तिने कोणताही साज न चढवता रंगवले.

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाची चित्रातल्या स्त्रीशी पहिली ओळख बहुधा रविवर्म्याच्या चित्रांतून होते. ती चित्रे मला आजही प्रिय आहेत. पण त्यांत पोझ देणारी बाई दमयंतीत किंवा शकुंतलेत पूर्णपणे विरून जाते आणि तिच्यासमोर कोणी चित्रकार उभा होता, हे आपल्या लक्षातही येत नाही. अमृता हा विसर पडू देत नाही. तिची नजर चौकटीबाहेर कुठेतरी लागलेली आहे. काही जण तिला उदास म्हणतात, मला ती नकार देणारी वाटते, कारण सावलीच्या धन्याकडे ती पाहतच नाही.

बडोद्याच्या फाइन आर्ट्‌समध्ये शिकलेले चित्रकार विवान सुंदरम हे अमृताचे भाचे. 2001 च्या सुमारास त्यांनी ‘री-टेक ऑफ अमृता’ या मालिकेत आजोबा, म्हणजे अमृताचे वडील, उमरावसिंग यांनी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे आणि अमृताची चित्रे डिजिटल पद्धतीने एकत्र गुंफली. वडिलांच्या कॅमेऱ्यासमोर लहानपणापासून पोझ देत आलेली मुलगी त्या छायाचित्रांत दिसते, आणि 1934 च्या त्या सावलीचा विचार करताना वडिलांचा तो कॅमेराही जमेस धरावा लागतो.