वास डुरियनचा, गोत फणसाचं

डुरियन या आग्नेय आशियातल्या काटेरी फळाबद्दल आपल्याकडे जे बोलतात ते बहुतेक न खाताच बोलतात, गटार काय, सडका कांदा काय, गॅस लीक काय, आणि त्यातले निम्मे कोकणातले असतात याची मला भारी गंमत वाटते. ज्यांच्या घरात मे महिन्यात बरका फणस पिकायला ठेवला की शेजारच्या वाडीला पत्ता लागायचा, त्यांनी दुसऱ्याच्या फळाला नाकं मुरडायची म्हणजे जरा अतीच.

मी सिंगापूरला राहायला आल्यापासून डुरियन आवडीने खातो. जून ते ऑगस्ट सीझन, इथल्या गेलांग भागात रस्त्याकडेला प्लास्टिकची टेबलं टाकतात, हातात ग्लोव्हज, आणि मुसांग किंग घ्यायचा की डी-24 यावर हापूस-पायरीइतकाच गंभीर वाद. मुसांग किंगमध्ये गोडाच्या मागून एक कडवटपणा येतो तो मला फार आवडतो. वासाचं म्हणाल तर जर्मनीत म्युनिकजवळच्या संशोधकांनी 2017 मध्ये त्यातली द्रव्यं सुटी करून बघितली, तर म्हणे दोनच एकत्र केली तरी डुरियनचा वास बऱ्यापैकी उभा राहतो, एक फळाच्या वासाचं आणि दुसरं परतलेल्या कांद्याच्या वासाचं. म्हणजे कांदा म्हणणारे अगदीच चूक नाहीत, फक्त सडका नाही, परतलेला.

तर मागच्या सीझनला रत्नागिरीहून आत्या आली होती. तिला गेलांगला नेलं तर तिने डुरियनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, शेजारी एक लांबट, दीडेक वितीचं, पिवळट तपकिरी फळ पडलं होतं तिथे जाऊन उभी राहिली. बघायला थेट फणसाचं पोर, काटे बोथट, देठ तसाच, पण वास येत होता डुरियनच्या जातीचा, आणि बाजूला डुरियनचा ढीग असल्यामुळे नक्की कोणाचा वास कोणाला येतोय तेच कळेना. आत्याने फळ उचललं, देठाशी हुंगलं आणि म्हणाली, "अरे हा फणसच आहे, पण ह्याने अंगाला कायतरी चोपडलंय."

दुकानदार म्हणाला, चेंपेडाक. मग त्याने सालीला वरवर गोल चीर दिली, साल बाजूला केली आणि देठ धरून ओढला, तर मधल्या दांड्याला लगडलेले सगळे गरे एकत्रच बाहेर आले. तेलाची वाटी नाही, विळी नाही, चीकही नावाला! आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, जन्मभर फणस फोडून हाताचा चीक रॉकेलने काढलेली बाई ती.

गरा तोंडात टाकला तर बरक्यासारखा बुळबुळीत, गोड, आणि गिळल्यावर मागून डुरियन हळूच येऊन जातो, थोडा आंबूस, लसणाकडे झुकणारा. मला डुरियनइतका नाही आवडला खरं सांगायचं तर, धड इकडचा ना तिकडचा वाटला. आत्याने मात्र आठळी तोंडातून काढून बोटात फिरवून बघितली आणि निकाल दिला, बरक्याचा धाकटा भाऊ.

आणि शास्त्रही तेच सांगतं. फणस आणि चेंपेडाक दोघं आर्टोकार्पस या एकाच गटातले, नीरफणसही त्यातलाच, आणि वड, उंबर, तुती ही सगळी त्याच कुळातली मंडळी. डुरियनचं यांच्याशी काहीएक नातं नाही! तो निघाला काटेसावर, भेंडी, जास्वंदीच्या कुळातला, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात. फणस म्हणजे अख्ख्या फुलोऱ्याचं मिळून एक फळ, गरा म्हणजे एकेका फुलाचं, आणि डुरियन मात्र एकाच फुलाचं फळ, शिवणींवर उकलणारं. म्हणजे दिसण्यावरून डुरियनला फणसाचा भाऊ म्हणावं तर तो भेंडीचा, आणि वासावरून चेंपेडाकला डुरियनचा म्हणावं तर तो आपला. मलेशियात फणस आणि चेंपेडाकचा संकरही करतात, नांगकाडाक म्हणतात त्याला.

बोर्निओतले बंजार लोक तर चेंपेडाकची सालसुद्धा मिठात मुरवून आंबवतात आणि तळून खातात, मंडाई नावाने. हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडे गुरांच्या पोटी जातं ते. पण मग दोन मिनिटांनी, "मीठ किती घालतात रे?"

अर्धं फळ घरी न्यायचं तिच्या मनात होतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, डुरियनला मनाई आहे, तसे बोर्डच आहेत, आणि बोर्डावर चित्र फक्त डुरियनचं, त्यामुळे ह्याला कोण अडवणार असा तिचा बिनतोड मुद्दा. मी कोर्टात जाईन पण डब्यात नेणार नाही म्हटलं. शेवटी उरलेले गरे तिथेच उभ्याने संपवले आणि आठळ्या तेवढ्या धुऊन पिशवीत घातल्या, दुसऱ्या दिवशी मसुराच्या आमटीत पडल्या त्या, आणि ज्याला आधी सांगितलं नव्हतं त्याने फणसाच्या समजूनच खाल्ल्या.