परेरा आडनाव म्हणजे ज्यू पूर्वज? गोव्यात हे कसं तपासायचं

गोव्यातल्या अनेक कॅथलिक घरांत एक समज रुजत चालला आहे. परेरा, ऑलिव्हेरा, कार्व्हालो ही झाडांवरून आलेली आडनावं; पोर्तुगालमधल्या ज्यूंनी बाप्तिस्म्यानंतर अशीच आडनावं घेतली; म्हणजे आपले पूर्वजही ज्यूच. गोव्यापुरतं बोलायचं तर हा तर्क बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर कोसळतो.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीत गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, तेव्हा नवं आडनाव मिळे ते पाद्रीचं, धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीला उभा राहणारा), नाहीतर एखाद्या फिरंगी अधिकाऱ्याचं. एकाच मूळपुरुषाच्या शाखांना निरनिराळी आडनावं लागली आणि काडीचं नातं नसलेली घरं एका आडनावाची झाली. शिवाय खुद्द पोर्तुगालमध्येही परेरा म्हणजे ज्यू असं समीकरण नव्हतंच. 1431 साली वारलेला सेनापती संत नुनो आल्वारेस परेरा हा ख्रिस्ती उमरावांच्या घराण्यातला, तिथल्या ज्यूंच्या 1497 मधल्या सक्तीच्या धर्मांतरांच्या कितीतरी आधीचा.

मग तपासायचं कसं? आधी कोमुनिदादीचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचं दफ्तर पाहा. घराणं गावकार, म्हणजे या संस्थेचं वंशपरंपरागत सभासद असेल आणि त्याचा वांगड (कुळशाखा) नोंदलेला असेल, तर पुरुषांची परंपरा त्या गावचीच, फिरंग्यांच्या आधीची. तो प्रश्न तिथेच मिटतो. पण इथे एक मोठी गोम आहे. गावकारी बापाकडून मुलाकडे जाते आणि ज्यू धर्मशास्त्र आईकडून वंश मोजतं. म्हणजे गोव्यात जी परंपरा सर्वांत नीट नोंदलेली आहे, ती नेमकी या प्रश्नाला उपयोगाची नाही. आईची आई, तिची आई असं मागे जायचं तर इगर्जीतली (चर्चमधली) बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं आणि पणजीचं पुराभिलेख खातं गाठावं लागतं. प्रत्येक नोंदीतून आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव आणि गाव उतरवून घ्या. एकही पिढी अंदाजाने भरू नका. धर्मपिता आणि धर्ममाता यांना नातेवाईक समजू नका. अनेक चुकीच्या वंशावळी इथूनच सुरू होतात.

तिसरा मार्ग इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या कागदांचा, आणि तो सर्वांत फसवा. गोव्याचं हे न्यायासन 1560 ते 1812 चाललं, मध्ये 1774 ते 1778 बंद होतं. त्याचे बहुतेक मूळ खटले नष्ट झाले. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1561 ते 1623 मधल्या सुमारे 3800 खटल्यांची सूची उरली आहे. तिच्यात ज्यू आचाराचे आरोप आहेत, पण हिंदू चालीरीती पाळल्याबद्दल पकडलेले स्थानिक ख्रिस्ती अधिक आहेत. सूचीत आपलं आडनाव सापडलं एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

आरोप वाचतानाही तो कसा उभा राही हे ध्यानात ठेवावं लागतं. 1497 साली राजा मानुएलने पोर्तुगालच्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. चर्चच्या मते एकदा झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. त्यामुळे त्या माणसाने, किंवा त्याच्या नातवाने, शनिवारी धुतलेला सदरा घातला, डुक्कर टाळलं, योम किप्पुरचा (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास केला की तो ज्यू म्हणून नव्हे, पाखंडी ख्रिस्ती म्हणून गुन्हेगार ठरे. तक्रार कोणी केली हे आरोपीला सांगत नसत. कशाबद्दल धरलं आहे हे स्वतःच ओळखून कबूल करायचं. अशा कबुलीजबाबातून कोणाची श्रद्धा मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

गार्सिया द ओर्ताचं उदाहरण पुरेसं आहे. स्पेनमधून घालवलेल्या ज्यूंचा हा मुलगा, बाप्तिस्मा झालेला वैद्य, 1534 साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. 1568 साली तो गेला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं आणि 1580 साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. पणजीच्या इगर्जीसमोरची बाग आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

आता उत्तरेला पाहा. अलिबाग-पेणच्या बाजूचे मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. खवले असलेलाच मासा खात. मोरी, कोळंबी, तिसऱ्या वर्ज्य. हाच शनिवार आणि हेच ताट जुन्या गोव्यात पुरावा म्हणून पुढे येई. त्यांची आडनावं मात्र पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आलेली. त्यांची ओळख टिकली ती आडनावावर नाही, आचारावर.

आणि समजा, आईकडचा दुवा खरोखर सापडला, तरी सगळीकडे उत्तर एक नाही. रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) मते ज्यू आईचं मूल बाप्तिस्म्यानंतरही ज्यूच. पण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली ओस्वाल्ड रुफायझन या ज्यू आईबापांच्या पोटी जन्मलेल्या कॅथलिक मठवाशाला ‘परतीच्या कायद्या’खाली, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याखाली, ज्यू मानलं नाही. 1970 च्या दुरुस्तीने हे कायद्यातच लिहिलं: आई ज्यू किंवा रीतसर धर्मांतर, आणि दुसऱ्या धर्माचा नसणं.

गोव्याच्या ख्रिस्ती माणसाचं ज्यूंशी नातं आहेच, आणि त्यासाठी रक्त लागत नाही. येशूचा प्रेषित पौल स्वतः ज्यू. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात तो मूळच्या ज्यू नसलेल्या ख्रिस्तींना रानटी ऑलिव्हची कलम केलेली फांदी म्हणतो आणि मुळापुढे तोरा मिरवू नका असं बजावतो. चर्चने ही शिकवण शतकानुशतकं बाजूला ठेवली. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही, हे व्हॅटिकनच्या परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी लेखी जाहीर केलं. पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री जुन्या करारातली सात वाचनं नेमलेली असतात. गरज पडल्यास ती कमी करायला मुभा आहे. निर्गमाचा 14वा अध्याय, इस्राएल लोक समुद्र पार करतात तो, मात्र गाळता येत नाही.