खेळत्या भांडवलासाठीची खटपट

मी एचआयव्हीसह जगते, आमच्या गटातल्या सगळ्याजणीही. आम्ही कापडी पिशव्या शिवतो. हात बसलेला होता, मशीनही होत्या. अडत होतं ते खेळतं भांडवल. कापड रोखीनं घ्यायचं आणि मालाचे पैसे यायचे दीड-दोन महिन्यांनी.

कर्जाच्या अर्जात आजाराचा रकानाच नव्हता. तो निघाला सोबतच्या विम्याच्या फॉर्मात. "'नाही'वर खूण करा, कोण बघतंय!" तिथला माणूस म्हणाला. पण खोटं लिहिलं तर पुढे दावा फेटाळला जातो आणि हप्ते घरच्यांच्या गळ्यात पडतात. मी म्हटलं, विमा सक्तीचा असेल तर तसं लेखी द्या. लेखी म्हटल्यावर तो ऐच्छिक निघाला. कर्ज काढणाऱ्या प्रत्येकीनं एवढं आधी विचारून घ्यावं.

घर कुणाच्याच नावावर नाही, त्यामुळे तारणाऐवजी सगळ्यांची सामूहिक हमी दिली. "आजारी पडलात तर?" हेही आलंच. निदान होताच औषधं सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. गोळ्या न चुकवणारी बाई वर्षानुवर्षं धडधाकट काम करते. हे ऐकून साहेबांचा चेहरा काही हलला नाही. बचतीच्या वहीतले न चुकलेले हप्ते पाहिल्यावर हलला.

खरी घासाघीस खरेदीदाराशी झाली. त्यांना प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी हवी होती: 'एचआयव्हीबाधित महिलांनी शिवलेली'. हेतू चांगला असेलही, पण शेजारीपाजारी ती वाचणार, त्याचं काय? आम्ही फक्त गटाचं नाव लावलं. मग त्यांच्याकडच्या बाईंनी हळूच विचारलं, "शिवताना सुई टोचली तर?"

"टोचतेच की. बोट धुवायचं, पट्टी लावायची, डाग पडलेला तुकडा बाजूला काढायचा. कुठलाही शिंपी हेच करतो. आणि एचआयव्ही कापडातून पसरत नाही."

बाईंनी मान डोलावली. नमुन्याची पिशवी मात्र दोन बोटांच्या चिमटीत उचलली.

करारात निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल पोचल्यापासून ३० दिवसांत, असं लिहून घेतलं. औषधं आणायचे, तपासणीचे दिवस आम्ही आपसात वाटून घेतले, म्हणजे मशीन रिकामी राहत नाही.

पुढच्या ऑर्डरला चिठ्ठीचा विषय निघाला नाही. दर तेवढा पाडून मागितला. तो आम्ही दिला नाही.