तिसाव्या किलोमीटरला चार पाठमोरे

भांडण झालं ते उभं कुठे राहायचं यावरून.

लिस्बन मॅरेथॉनचा मार्ग नकाशावर एकदम सरळ दिसतो. कश्कायश गावातून सुरुवात, आधी गिंशूच्या दिशेने समुद्रकाठाने जाऊन परत यायचं, आणि मग अटलांटिक उजव्या हाताला ठेवून थेट लिस्बनच्या नदीकाठच्या चौकापर्यंत. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. रस्त्याच्या सोबतीने लोकल ट्रेनचा मार्गही जातो, त्यामुळे घरच्यांनी मधे कुठेतरी मला गाठून पुन्हा शेवटाला हजर राहणं सहज शक्य होतं. मी त्यांच्यासाठी लिस्बनमधलं बेलें निवडलं होतं. तिथे मनोरा आहे, जेरोनिमस मठ आहे, मठात वास्को द गामाची कबर आहे. ज्याच्या नावाच्या शहरात, म्हणजे गोव्यातल्या वास्कोत, माझं ऑफिस आहे, त्याच्या कबरीसमोरून मी पळतोय असा फोटो मला हवा होता. खोटं कशाला बोलू, कॅप्शनसुद्धा तयार होतं.

बाबा म्हणाले, "आम्ही काशियशला थांबू."

काशियश म्हणजे बेलेंच्या अलीकडचं, मार्गावरचंच एक गाव. तिथेच का, ते सांगितलं नाही. आई म्हणाली, "त्यांचं ऐक." बायकोने माझ्याकडे न बघता ट्रेनचं वेळापत्रक काढलं. विषय संपला.

या शर्यतीसाठी मी फोंड्यात चार महिने पळालो, तेही जून ते सप्टेंबर. ज्यांना सल्ला हवा असेल त्यांना इतकंच सांगतो, गोव्याच्या पावसाळ्यात मॅरेथॉनची तयारी करू नका. फर्मागुढीचा चढ, अंगावर उभा पाऊस, मागे कुत्री, आणि घरी आल्यावर बुटांत कोंबायला वर्तमानपत्रांचे बोळे. रोज पहाटे सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत समोरून यायचा. पहिला महिना तो फक्त बघायचा. दुसऱ्या महिन्यात त्याने न राहवून विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय का?

व्हिसाची कथा तर आणखी मजेची. १९ डिसेंबर १९६१च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, त्यांच्या मुला-नातवंडांनाही. आमच्या ओळखीतली निम्मी पोरं त्याच पासपोर्टवर युरोपात आणि इंग्लंडात आहेत. बाबांचा जन्म १९४८चा. त्यांनी एक अर्ज केला असता तर आम्ही सगळेच ऐटीत गेलो असतो. पण हा विषय घरात काढायचा नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून जन्माने ज्यांचा हक्क, ते सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ बँकेच्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन व्हिसाच्या रांगेत बसले.

लिस्बनचे पहिले दोन दिवस आईचे गुडघे आणि तिथले फूटपाथ यांच्या लढाईत गेले. गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे तुकडे बसवलेले ते फूटपाथ दिसायला देखणे, चालायला वैरी. पण आई खूष होती. हॉटेलात तिने हाताने कुलूप उघडल्याची खूण करत "चावी" म्हटलं, आणि काउंटरवरच्या मुलीने "शाव!" म्हणत चावी काढून दिली. पाव, बटाटा, जनेल (खिडकी), खमीस (सदरा). ओळखीचा शब्द भेटला की आई शाळेतल्या पोरीसारखी टाळी वाजवायची. बाबा मात्र गप्प. ते सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत, पोर्तुगीज शाळेत शिकले, पण मी जन्मल्यापासून त्यांच्या तोंडून त्या भाषेचं एक वाक्य ऐकलेलं नाही. विसरले असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

शर्यतीच्या आदल्या रात्री त्यांनी काशियशचा उलगडा केला. मोहन रानडे. मराठी शाळेचे मास्तर म्हणून गोव्यात आलेले, १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेलेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झालेले. त्यांना पोर्तुगालला नेऊन काशियशच्या किल्ल्यात डांबलं. गोवा मुक्त झाला, तिरंगा चढला, आणि मास्तर तिथेच. सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तरी ते सुटले जानेवारी १९६९मध्ये. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे. "आमच्या घरात त्यांचं नाव हळू आवाजात घ्यायचे," बाबा म्हणाले. "मुक्ती झाल्यावरसुद्धा. सवय." मग दिवा बंद केला.

पहिले एकोणतीस किलोमीटर: गिंशूकडचा वारा, बाकी झकास.

तिसाव्याच्या आसपास पायांत कुणी ओलं सिमेंट ओतलं. हे होतं, सगळ्यांना होतं, माहीत होतं. म्हणूनच तर आईच्या पिशवीत नाचणीचे लाडू होते, बायकोकडे मीठ-साखरेचं पाणी होतं, लेकीकडे पुठ्ठ्यावर लिहिलेला फलक होता: "पप्पा, पळ! आम्हाला भूक लागली." (तिथल्या एका नेपाळी डिलिव्हरीवाल्या मुलाने तो मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून ती दिवसभर हवेत होती.) मी गेले पाच किलोमीटर फक्त त्या चौघांच्या चेहऱ्यांवर तगून होतो. वळण आलं, काशियशची पाटी दिसली, गर्दीतून "फोर्सा! फोर्सा!" (जोर लाव!) ऐकू येत होतं, आणि मला माझी माणसं दिसली.

चौघांची पाठ माझ्याकडे.

समुद्रालगत एक छोटा दगडी किल्ला आहे. बाबा बूट काढून, मोज्यांवर, त्याच्याकडे तोंड करून हात जोडून उभे. शेजारी आई, तिचेही हात जोडलेले. बायको खाली मान घालून. लेकीने फलक उलटा धरलेला. अनोळखी लोक माझ्यासाठी ओरडत होते, आणि माझे घरचे एका भिंतीला नमस्कार करत होते. मी हाका मारल्या. आवाज फुटेना. शेवटी मार्ग सोडून फूटपाथवर चढलो आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, तूं पावलो मरे!" बाबा वळून म्हणाले. डोळे लाल. मग त्यांना बहुधा सुचलं की मी पळतोय. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या जोरात "फोर्सा, मेऊ फिल्यू!" ओरडले की बाजूची बाई दचकली. मेऊ फिल्यू म्हणजे माझ्या मुला. मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता. मी रागाने लाडू तोंडात कोंबला, तो कोरडाच घशात अडकला, आणि मी खोकत खोकत पुढे निघालो.

बेलें, मठ, वास्को: सगळं चालत गेलं. फोटो नाही. गामासाहेबांकडे बघायचंही राहिलं.

चार तास अठ्ठावन्न मिनिटं. एका स्वयंसेवक मुलीने गळ्यात पदक घातलं. आजूबाजूला बायका नवऱ्यांना मिठ्या मारतायत, पोरं बापांच्या कडेवर. मी घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्यापाशी एकटा बसलो. फोन बायकोकडे होता. ती चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आधी राग आला, मग काळजी वाटली, मग थंडीने दात वाजायला लागले.

ट्रेन चुकली होती. कारण असं की मी गेल्यावर बाबांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी (त्यांचा नातू पळत होता) विचारलं, तुम्ही या किल्ल्याला नमस्कार का करताय? बाबांनी उत्तर दिलं. पोर्तुगीजमध्ये. अडखळत, शाळकरी पोर्तुगीजमध्ये, पण दिलं. ते ऐकून आजोबा आधी गप्प झाले आणि मग म्हणाले, हा तो किल्ला नव्हे. तुरुंग तिकडे वर, टेकडीवर. एप्रिल १९७४मध्ये क्रांती झाली आणि कैद्यांसाठी त्याची दारं उघडली, तेव्हा मी बाहेरच्या गर्दीत होतो.

मग दोघे म्हातारे टेकडीकडे तोंड करून बोलत राहिले. बायको म्हणते, दोन ट्रेन गेल्या, पण मधे बोलायची तिची हिंमत झाली नाही.

कबुली देतो, त्या रात्री जेवण होईपर्यंत मी बाबांशी बोललो नाही. भूक, थकवा आणि स्वार्थ.

शर्यतीचे अधिकृत फोटो नंतर विकत घेता येतात. माझा धड असा एकच निघाला: काशियश, मी डोळे बाहेर आलेला, तोंड वासलेलं, आणि मागे चार पाठमोरी माणसं. एका फोटोचे वीसेक युरो ऐकून बायकोने कपाळावर हात मारला, पण घेतला. आता तो फोंड्याच्या घरी दिवाणखान्यात आहे. पाहुणे आले की बाबाच तो दाखवतात. "हा किल्ला चुकीचा," ते सांगतात, आणि मग त्यांचं बोट माझ्या डोक्यावरून, चौकट ओलांडून, भिंतीवर रंग उडालेल्या जागी जाऊन टेकतं. "तुरुंग हांगा."