एका पेशंटला चोवीस बाटल्या

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या ऐन मध्यवस्तीत एक चर्च आहे, त्याला छप्परच नाही. ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं आणि शहरानं ते पुन्हा बांधलं नाही, मुद्दाम. दगडी भिंती, खिडक्यांच्या रिकाम्या कमानी, आणि वर सरळ आभाळ. मनोऱ्याखाली एक घंटा टांगलेली आहे, ती हिरोशिमा शहरानं भेट दिलेली. १९८३ पासून ही दोन्ही भगिनी-शहरं आहेत. दरवर्षी ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला ती घंटा वाजते. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तिथल्या घड्याळात सव्वाआठच वाजले होते.

२०२५ च्या ६ ऑगस्टला, म्हणजे या घटनेला ८० वर्षं झाली त्या दिवशी, मी रात्रपाळी संपवून तिकडेच निघाले होते. ट्राममध्ये आईचा फोन आला. नागपुरात तेव्हा अकरा वाजून गेले होते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"काऊन गं, ड्यूटी संपली नं? मग घरी जाऊन झोप नं. कुठं जाऊन राहिली?"

"घंटा ऐकायला."

"देवळात?"

मी हो म्हटलं. समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि तसं ते फारसं खोटंही नव्हतं.

त्या चर्चमध्ये मला घेऊन जाणाऱ्या बाई आमच्याच भाजलेल्यांच्या विभागातून निवृत्त झालेल्या डॉक्टर. आता सत्तरी ओलांडलेल्या. तरुणपणापासून त्या 'इंटरनॅशनल फिजिशियन्स फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ न्यूक्लिअर वॉर' या डॉक्टरांच्या संघटनेच्या जर्मन शाखेत आहेत. ८० च्या दशकात अमेरिकेची नवी अण्वस्त्रं पश्चिम जर्मनीत येणार होती आणि सरकार डॉक्टरांना युद्धकाळातल्या आपत्कालीन उपचारांच्या तयारीला लागा म्हणत होतं. तेव्हा या डॉक्टरांनी लोकांना उघड सांगायला सुरुवात केली : आम्ही तुम्हाला मदत करू शकणार नाही.

हे वाक्य मला पहिल्यांदा कसंसंच वाटलं. डॉक्टरनं असं म्हणायचं? मदत करू शकणार नाही? आपल्याकडे नातेवाईक हात जोडून उभे असतात तेव्हा आपण "प्रयत्न करतो" म्हणतो, अगदी काही उरलं नसलं तरी. पण मग मला नागपूरचा माझा वॉर्ड आठवला आणि त्या वाक्यातला प्रामाणिकपणा कळला.

निवासी डॉक्टर असताना मी नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केलं. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत जाळी लावलेल्या खाटा. भाजलेला पेशंट आला की आधी किती टक्के भाजला ते मोजायचं. एक हात ९, एक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८, डोकं ९. मग वजन. मग गुणाकार : वजन गुणिले टक्के गुणिले चार, तितके मिलिलिटर सलाइन पहिल्या २४ तासांत, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. साठ किलोची बाई पन्नास टक्के भाजली असेल तर बारा लिटर. अर्ध्या लिटरच्या बाटल्या धरल्या तर चोवीस. हे सलाइन म्हणजे रिंगर लॅक्टेट, वॉर्डात सिस्टर त्याला नुसतं 'आरएल' म्हणायच्या. "मॅडम, आरएल अजून किती?" हा प्रश्न रात्रभर चालायचा. ही चोवीस बाटल्यांची गोष्ट फक्त पहिल्या दिवसाची. पुढे रोजचं ड्रेसिंग, वेदनाशामक इंजेक्शन, रक्त, त्वचारोपण, जंतुसंसर्ग, महिना-दोन महिने. आणि प्रत्येक खाटेपाशी एक माणूस, जो तासातासाला लघवी मोजेल आणि त्यावरून थेंब वाढवेल किंवा कमी करेल.

एका रात्री सिलिंडरचा भडका उडून एकाच घरातून सहा जण आले. आजी, तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि वाचवायला धावलेला शेजारी. सहा जण, बस. आम्ही तिघे निवासी डॉक्टर, दोन सिस्टर, एक ब्रदर आणि एक वॉर्डातल्या मावशी. खाटा चारच रिकाम्या होत्या, दोघांना गादीवर घेतलं. हातपाय सुजलेले, शीर सापडेना. पहाटे तीनला आरएल संपलं. नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन बाहेरच्या दुकानात पाठवलं, ते पिशव्या भरभरून घेऊन आले. नऊ वर्षांची नात सारखी एकच म्हणत होती, "पाणी द्या नं, पाणी द्या नं." त्या अवस्थेत पोटात पाणी टिकत नाही, म्हणून आम्ही कापूस ओला करून तिचे ओठ पुसत होतो. मावशी तिच्या उशाशी बसून होत्या, ड्यूटी संपली तरी उठल्या नाहीत.

सहापैकी तिघे वाचले. नात वाचली. शहर शाबूत होतं, वीज होती, औषधाचं दुकान उघडं होतं, रक्तपेढी चालू होती, सकाळी आठला दुसरी टीम कामावर आली. तरीही सहा पेशंटांनी आमचा अख्खा विभाग वाकवला.

हिरोशिमाचे वाचलेले लोक आपल्या आठवणी सांगतात, त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : मिझु. जपानीत पाणी. तो शब्द मी ऐकते तेव्हा मला त्या मुलीचाच आवाज ऐकू येतो.

इथे जर्मनीत गंभीर भाजलेला एक पेशंट आला आणि आपल्याकडे जागा नसली तर हॅम्बुर्गच्या अग्निशमन दलाला फोन करायचा. देशभरातल्या भाजलेल्यांच्या खाटांचा हिशोब तिथे ठेवतात आणि कुठे खाट रिकामी आहे ते सांगतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं, किती छान व्यवस्था! आणि छान आहेच. पण अशी व्यवस्था करावी का लागते, तर इतक्या श्रीमंत देशातही त्या खाटा शेकड्यांतच मोजाव्या लागतात. हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. शहरातले ९० टक्के डॉक्टर आणि नर्स मेले किंवा जखमी झाले. ४५ रुग्णालयांपैकी ४२ कामाची राहिली नाहीत. बॉम्ब फुटला तो जवळजवळ एका रुग्णालयाच्या डोक्यावरच, शिमा नावाच्या.

तेव्हा "मदत करू शकणार नाही" हे हात झटकणं नव्हे. ज्या रोगावर इलाज नाही तो होऊच द्यायचा नाही, हे आपण देवी-पोलिओपासून शिकलोय. हे डॉक्टर तेच म्हणतात.

ही संघटना १९८० मध्ये दोन हृदयरोगतज्ज्ञांनी उभी केली. बोस्टनचे बर्नार्ड लाऊन आणि मॉस्कोचे येवगेनी चाझोव्ह. थांबलेलं हृदय विजेच्या झटक्यानं सुरू करायचं यंत्र आज प्रत्येक आयसीयूत आहे, त्यातला डायरेक्ट करंटचा झटका लाऊन यांची देणगी. चाझोव्ह तर सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्यावर उपचार करणारे. एकमेकांच्या देशावर क्षेपणास्त्रं रोखलेल्या काळात हे दोघे एका टेबलाशी बसले. १९८२ मध्ये सोव्हिएत टीव्हीवर दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकत्र बसून अणुयुद्धाचे परिणाम लोकांना सांगितले. १९८५ मध्ये संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं.

ते नोबेल वादाशिवाय मिळालं नाही, आणि टीका अगदीच निराधारही नव्हती. सोव्हिएत सरकारवर टीका करणारे भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्ह यांचा निषेध करणाऱ्या पत्रावर चाझोव्ह यांनी १९७३ मध्ये सही केली होती. ऑस्लोच्या पत्रकार परिषदेत त्यावरून प्रश्नांचा भडिमार चालू असतानाच एक सोव्हिएत पत्रकार कोसळला, हृदय बंद पडलं. लाऊन, चाझोव्ह आणि तिथले बाकीचे डॉक्टर धावले, जमिनीवरच त्याची छाती दाबायला लागले. नंतर लाऊन यांनी तिथेच सांगितलं की असा माणूस समोर पडतो तेव्हा डॉक्टर तो चांगला की वाईट, कुठल्या पक्षाचा, हे विचारत बसत नाही. मला वाटतं त्यांची चळवळ मला समजली ती या एका प्रसंगातून.

पुढे याच संघटनेतून २००७ मध्ये मेलबर्नला 'आयकॅन' ही अण्वस्त्रविरोधी मोहीम निघाली, तिला २०१७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ७ जुलैला संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रबंदीचा करार १२२ मतांनी मंजूर झाला, २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. भारत त्यात नाही. जर्मनीही नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी परदेशात बसून आपल्यालाच शहाणपण शिकवतेय. इथे पश्चिमेला ब्यूशेलच्या हवाई तळावर अमेरिकी अणुबॉम्ब असल्याचं सगळेच धरून चालतात. त्या तळाच्या फाटकाशी आमच्या बाई आणि त्यांचे डॉक्टर मित्र उन्हाळ्यात जाऊन बसतात. भारतातही या संघटनेची शाखा आहे, आणि १९९९ मध्ये संघटनेनं एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता : मुंबईवर एक अणुबॉम्ब पडला तर काय होईल.

आता काकांविषयी.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानात चार दिवस जे चाललं होतं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी लिहिलं, "रोजची कटकट नको, एकदाचा टाकून द्या बॉम्ब." खाली पटापट अंगठे पडले. पहलगामचं दुःख माझ्याही मनात होतं. सीमेवर उभ्या पोरांबद्दल मला आदर आहे, माझा मावसभाऊ त्यांच्यातलाच आहे. पण ते वाक्य मला गिळता आलं नाही. मी काकांना फोन केला.

काका नागपुरातल्या आयुध निर्माणीत स्टोअरला होते, तीस वर्षं. दारूगोळा म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते म्हणाले, "पोरी, तू तिकडं बसून बोलून राहिली. आपल्याजवळ नसता तर त्यांनी आपल्याला सोडलं असतं का?"

हा प्रश्न खरा आहे, आणि मी त्यांना तसंच म्हटलं. भारताचं 'आधी वापरणार नाही' हे धोरण आहे, याचा मला अभिमान आहे, तेही म्हटलं. "पण काका, 'टाकून द्या' म्हणजे काय, ते एकदा मोजू."

त्यांना नागपूर डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. बॉम्ब मोठा नाही, हिरोशिमाएवढाच, आणि शहराच्या मध्यावरच्या झिरो माइलवर. हिरोशिमाचं रेडक्रॉस रुग्णालय स्फोटाच्या जागेपासून साधारण दीड किलोमीटरवर होतं. झिरो माइलपासून दीड किलोमीटर म्हणजे मेयो रुग्णालय. सीताबर्डी, रेल्वे स्टेशन, सगळं त्याच टप्प्यात. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तीन किलोमीटरवर, तिथल्या काचा फुटतील, भिंती कदाचित राहतील, आणि जगलेला प्रत्येक माणूस चालत, रांगत तिकडेच निघेल.

"आणि हे फक्त आपल्या शहरापुरतं झालं," मी म्हटलं. २०२२ मध्ये 'नेचर फूड'मध्ये आलेला अभ्यास त्यांना सांगितला. भारत-पाकिस्तानात मोठं अणुयुद्ध झालं तर जळणाऱ्या शहरांची काजळी वर जाऊन सूर्यप्रकाश अडवेल, गारठा पडेल, पाऊस घटेल, पिकं जातील आणि जगभरात २०० कोटींहून जास्त माणसं उपासमारीनं मरू शकतील. विदर्भातल्या माणसाला एक मृग कोरडा जाणं म्हणजे काय, ते मी काय सांगणार? काटोलला काकांची स्वतःची संत्र्याची बाग आहे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, ठेवतो." मला वाटलं दुखावले. मी त्यांची पुतणी आहे, त्यांनी मला सायकल शिकवली आहे, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तीन महिन्यांनी, त्या ६ ऑगस्टला, घंटा वाजली. आवाज खोल आहे, थांबल्यावरही भिंतीत राहतो. माझ्या शेजारी एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती, ते बाळ घंटेकडे टक लावून बघत होतं. आमच्या बाईंनी माझा हात धरला होता. नंतर मी घंटेचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दोन ओळी लिहिल्या : हे हिरोशिमासाठी. भाजलेल्या एका पेशंटला पहिल्या दिवशी चोवीस बाटल्या सलाइन लागतं.

संध्याकाळी उठले तर काकांचा निरोप होता, ग्रुपवर नाही, मला एकटीला. त्यांच्या जुन्या स्टोअरच्या सवयीनं वहीच्या पानावर निळ्या शाईत मांडलेला हिशोब, त्याचा फोटो :

एका पेशंटला २४. दहा हजार पेशंट धरले तर २,४०,०००. अर्धा किलो एक, म्हणजे १२० टन. दहा टनी ट्रक, बारा.

आणि खाली, जरा अंतर सोडून, दुसऱ्या वेळी लिहिल्यासारखं : बारा ट्रक मिळतील. पण आत यायला रस्ता कोणता? अन् सुया टोचणार कोण?