ठिबक टाइमर, प्रगती नोंद: पेस्ट केल्यावर सरकणारं इंडेंटेशन

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांसाठी चार व्हॉल्व्हचा ठिबक टाइमर मायक्रोपायथनमध्ये (छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारं पायथन) तयार होतो आहे. रिले (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे विजेचे स्विच) आणि वायरिंग झालं. काम अडलंय व्हीएस कोड या एडिटरपाशी. कोड पेस्ट केला की इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) दुरुस्त करणारं एक्स्टेंशन तो न विचारता बदलतं.

बिघाड होतो कसा ते पाहा. फंक्शनमध्ये चारही व्हॉल्व्हवर पाळीपाळीने फिरणारा फॉर लूप ४ स्पेसवर, लूपच्या आतल्या ओळी ८ स्पेसवर: व्हॉल्व्ह ऑन, १२०० सेकंद थांब, व्हॉल्व्ह ऑफ. मूळ लेखकाचा टॅब ८ रुंदीचा, आणि ऑफची तेवढी एकच ओळ टॅबने लिहिलेली. फाइल जशीच्या तशी चालवली तर कम्प्युटरवरचं पायथन ३ टॅबएरर (टॅब-स्पेस मिसळल्याची चूक) देऊन थांबतं, आणि ते बरंच आहे. पण एक्स्टेंशन त्या टॅबच्या ४ स्पेस करतं. मग ओळ लूपच्या बाहेर पडते, एररही येत नाही. चारही व्हॉल्व्ह एकामागून एक उघडतात, बंद होतो फक्त शेवटचा. दाब चारीकडे वाटला जातो आणि टोकाच्या ड्रिपरला पाणीच पोचत नाही. माणूस मग पंप आणि फिल्टर तपासत बसतो.

जावास्क्रिप्टमध्ये कंस शाबूत असतात, त्यामुळे फॉरमॅटर इंडेंटेशन पुन्हा बसवू शकतो. पायथनमध्ये इंडेंटेशन हीच रचना. ती एकदा हरवली की कुठलाही फॉरमॅटर परत आणू शकत नाही, उलट चुकीचा कोड नीटनेटका करून देतो. म्हणून बदल पेस्टच्या क्षणीच अडवायचा.

व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये फक्त पायथनच्या ब्लॉकखाली फॉरमॅटऑनपेस्ट फॉल्स, फॉरमॅटऑनसेव्ह फॉल्स, ऑटोइंडेंट ‘कीप’, डिटेक्टइंडेंटेशन फॉल्स, टॅबसाइझ ४. रेंडरव्हाइटस्पेस ‘ऑल’ ठेवा. टॅबच्या जागी बाण आणि स्पेसच्या जागी ठिपका दिसतो, मिसळ लगेच डोळ्यात भरते. एवढं करूनही कोड सरकत असेल तर एक्स्टेंशनच दोषी. कमांड पॅलेटमधून ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ चालवा, निम्मी-निम्मी बंद करत ते नेमकं एक्स्टेंशन शोधून देतं.

बाहेरून आणलेला कोड आधी नॅनो किंवा नोटपॅडमध्ये उतरवून सेव्ह करायचा, मग टर्मिनलमध्ये ‘पायथन -एम टॅबनॅनी’ आणि फाइलचं नाव; टॅबनॅनी टॅब-स्पेस मिसळलेली ओळ दाखवतं. हा क्रम उलटा करू नका: एक्स्टेंशनने टॅब पुसल्यावर टॅबनॅनीला काहीच सापडत नाही. टॅबची ओळ सापडली तर मूळ कोड बघून हाताने ८ स्पेसवर आणायची. नंतर ‘गिट डिफ’ (जुन्या-नव्या कोडातला फरक) पाहताना -डब्ल्यू लावायचा नाही, कारण तो स्पेसचे बदल लपवतो आणि आपल्याला नेमके तेच बघायचे आहेत.

वेबपेजवरून उचललेल्या कोडात नॉन-ब्रेकिंग स्पेसही येते. ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण पायथन सिंटॅक्स एरर देतं. फाइंड-रिप्लेसने साधी स्पेस घाला.

पुढचं काम: चारही रिलेंवर एलईडी लावून, १२०० च्या जागी ५ सेकंद टाकून टेबलावर चाचणी. एका वेळी एकच एलईडी पेटला पाहिजे.